गेमिंग लॅपटॉप: 4050 घेऊ की टिकणारा घेऊ? बजेट 75 हजार, निपाणी-बेळगाव

निपाणी_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. मी बेळगावला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर निपाणी. लॅपटॉप घ्यायचाय. बजेट 70 हजार, पप्पांच्या मागं लागून 75 पर्यंत ओढता येईल, त्याच्या वर एक रुपया नाही. काम म्हणजे सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, पुढच्या वर्षी अ‍ॅन्सिस, आणि खरं सांगायचं तर रात्री व्हॅलोरंट, जीटीए फाईव्ह, जमलं तर सायबरपंक.

दोन मशीनवर येऊन अडकलोय. पहिलं: ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 4050 6 जीबी, आय5 तेरावी जनरेशन एचएक्स, 165 हर्ट्झ स्क्रीन, पण बॉडी बारीक, वॉरंटी एकच वर्ष आणि ती पण मशीन आपण नेऊन द्यायची, सेंटर हुबळीला. दुसरं: आरटीएक्स 3050 6 जीबी, रायझन 7 7735एचएस, 144 हर्ट्झ, बॉडी जाडजूड, दोन वर्षं ऑनसाइट (इंजिनिअर आपल्याकडं येऊन दुरुस्त करतो). भाव जवळपास सारखाच. यूट्यूबवर सगळे म्हणायलेत 3050 घेणारा येडा. पण हॉस्टेलवर रूममेटचा पातळ गेमिंग लॅपटॉप वॉरंटी संपल्या संपल्या बंद पडलाय आणि तो आता माझ्या पीसीवर सबमिशन करतोय, ते बघून पोटात गोळा येतोय. ब्रँडची नावं मुद्दाम टाकत नाही, नायतर मूळ प्रश्न बाजूला राहून तुमच्यात मारामारी सुरू होते.

फ्रेमखाऊ
यात विचार काय करायचा? 4050. विषय संपला.

चिकोडी_चिल्लर
विषय संपला म्हणणाऱ्याचाच धागा लई लांब जातो. चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

खानापूरची_पावसाळी
निपाणी, आधी एक सांग, ऑनसाइट म्हणजे कुठल्या साइटला? तुझ्या हॉस्टेलवर की घरी? मी ब्लेंडरवर काम करते, घरूनच, खानापूर तालुक्यात आतल्या गावात. घेताना दुकानदारानं ऑनसाइट ऑनसाइट म्हणून डोकं खाल्लं होतं. एक दिवस की-बोर्डच्या दोन ओळी मेल्या, फोन लावला, पलीकडनं पिनकोड विचारला आणि म्हणाले की हा पिनकोड आमच्या ऑनसाइट यादीत नाही, मशीन सेंटरला आणून द्या. म्हणजे पैसे ऑनसाइटचे आणि पावसात चोर्ला-जांबोटी बाजूच्या रस्त्यानं बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन जाणार मी. सेंटरवाले वागायला चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण यादी बघायचं काम आपलं आहे, दुकानदार बघत नाही. 590 नं सुरू होणारा शहराचा पिनकोड आणि 591 वाला तालुक्याचा, यात कंपन्या फरक करतात. कंपनीच्या साइटवर जाऊन किंवा सरळ फोन करून दोन्ही पिनकोड विचार आणि शक्य असेल तर उत्तर मेलवर घे.

निपाणी_एक्सप्रेस
ताई हे डोक्यातच आलं नव्हतं. हॉस्टेल 590 मधे, घर 591237. उद्या फोन करतो.

फ्रेमखाऊ
पहिल्यांदा नीट लिहिलं नाही कारण बसमध्ये होतो. आता लिहितो. मी मूळ हिंदवाडीचा, सध्या पुण्यात. सगळे जण असं गृहीत धरतात की जास्त परफॉर्मन्स म्हणजे जास्त गरम आणि जास्त गरम म्हणजे लवकर मरणार. एकाच पिढीतली दोन कार्डं असती तर मान्य केलं असतं. पण 3050 सॅमसंगच्या 8 नॅनोमीटरवर बनलेलं, 4050 टीएसएमसीच्या नव्या प्रोसेसवर. दोन्हींत कोअर 2560 च, मेमरीची बस पण 96 बिटच, पण 4050 चा क्लॉक बराच वर जातो आणि तेवढ्याच कामाला वीज कमी खातो. म्हणजे समज तू जीटीए 60 फ्रेमवर कॅप करून (सेकंदाला 60 चित्रांच्या वर जाऊ न देता) खेळलास, तर 3050 जिथं घाम गाळत असेल तिथं 4050 निवांत असेल, फॅनचा आवाज कमी, उष्णता कमी. वरनं एनव्हीडियाचं स्वतःचं डीएलएसएस फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डानंच तयार करणं) फक्त 40 सिरीजपासून पुढं आहे, 30 ला नाही. सायबरपंकसारख्या गेमला त्याचा फरक डोळ्याला दिसतो. दमदार कार्ड घ्या आणि लगाम घालून चालवा, तोच टिकतो. किरकोळ कार्ड घेऊन त्याला चोवीस तास फुल पिदडलं तर ते काय टिकणार.

उद्यमबाग_सीएनसी
फ्रेमखाऊचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच आहे. 4050 म्हणजे कुठलं 4050? एनव्हीडियानं त्याला 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत मोकळीक दिलेली आहे. बारीक बॉडीत कंपनी 50-60 वॅटला बांधून ठेवते आणि डब्यावर स्टिकर तोच. जाड बॉडीतलं जास्त वॅटचं 3050 आणि बारीक बॉडीतलं आवळलेलं 4050 यांच्यात यूट्यूबवर दिसतो तेवढा फरक राहत नाही. टीजीपी (कार्डाला मिळणारी कमाल वीज) किती ते स्पेसिफिकेशनच्या पानावर बारीक अक्षरात असतं, नसेल तर दुकानात डेमो पीस चालू करून एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमधे सिस्टीम इन्फर्मेशन उघडायचं, तिथं दिसतं.

कामाचं बोलायचं तर आमच्या शॉपमधे सॉलिडवर्क्स रोज चालतं. मॉडेल रिबिल्ड करताना एका कोअरचा स्पीड लागतो, कार्ड नव्हे, आणि गेमिंग कार्ड तसंही सॉलिडवर्क्सच्या सर्टिफाईड यादीत नसतं, विद्यार्थ्याला चालून जातं. अ‍ॅन्सिसच्या स्टुडंट व्हर्जनला मॉडेलच्या आकाराची मर्यादा आहे, तिथं रॅम असली की भागतं. त्यामुळं कॉलेजला दोन्ही मशीन पुरतात, भांडण फक्त रात्रीच्या गेमचं आहे, हे पप्पांना सांगायचं की नाही ते तू बघ.

निपाणी_एक्सप्रेस
पप्पांना सॉलिडवर्क्स सांगितलंय फक्त 😅

चिकोडी_चिल्लर
पप्पा हा धागा वाचत असतील तर नमस्कार काका.

दुरुस्तीवाला_काका
खडेबाजारच्या अंगाला बसतोय मी, लॅपटॉपचं बोर्डाचं काम करतोय, पोरं काका म्हणतात. तुम्ही सगळे कार्डावरनं भांडायलाय म्हणून लिहितो. माझ्या टेबलावर येणाऱ्या गेमिंग लॅपटॉपमधे कार्ड स्वतःहून मेलं असं क्वचित बघायला मिळतंय. जे येतंय ते सांगतो.

सगळ्यात जास्ती बिजागरी. झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचे छोटे खुंट असतात, त्यात पितळी नट बसवलेला असतो, बिजागरीचा स्क्रू त्यात जातो. बिजागरी घट्ट आणि प्लास्टिक हलकं असलं की वर्ष दीड वर्षात तो नट खुंटासकट उपटून येतोय. गिऱ्हाईक काय करतंय, उघडताना कट्ट आवाज आला तरी चालवत राहतंय, मग झाकण फाकतंय, डिस्प्लेची केबल चिमटतीय, आणि दोन-तीनशेच्या कामाचं हजारांत जातंय. तेव्हा दुकानात गेल्यावर बेंचमार्क बघायच्या आधी झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघड. बाकीचा भाग टेबलावरनं उचलला जातोय का, झाकण पिळतंय का, बिजागरीजवळ प्लास्टिक पांढरं पडतंय का ते बघ. डेमो पीसला शंभर लोकांनी उघडझाप केलेली असती, त्याच्यापेक्षा चांगली टेस्ट कुठली नाही.

दुसरं, धूळ. तिसरं, चार्जिंगचा पिन आणि त्याच्या मागचा पॉवर सेक्शन. हेस्कॉमची (आपली इकडची वीज कंपनी) लाईट पावसाळ्यात कशी येती-जाती ते तुम्हाला काय सांगायचं. अ‍ॅडॅप्टर 100 ते 240 व्होल्टवर चालतंय, त्यामुळं व्होल्टेज कमी झालं म्हणून लॅपटॉप जळत नाही, स्टॅबिलायझर घ्यायचं काय कारण नाही. लाईट परत येताना जो झटका मारतो तो वाईट, आणि त्याहून वाईट म्हणजे जुन्या घरातलं अर्थिंग. 200-230 वॅटचं अ‍ॅडॅप्टर तीन पिनचं असतंय, हॉस्टेलवर पोरं दोन पिनचा कनव्हर्टर लावून चालवतात. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, आणि म्हणतात काका बॉडीत करंट उतरलाय, लॅपटॉप खराब निघाला. लॅपटॉप चांगलाय बाबा, तुझ्या भिंतीत अर्थिंग नाय. सर्ज प्रोटेक्टरची पट्टी घे, पण अर्थिंग नसंल तर ती पट्टी पण नावालाच.

आणि एक, कार्ड मेलं तर काय? ते बोर्डावर चिकटवलेलं असतंय, बदलून मिळत नाही. गरम करून परत बसवून देणारे आहेत, पण ते टिकत नाही, मी ते काम घेतच नाही. कंपनीकडं गेलास तर पूर्ण मदरबोर्ड, आणि वॉरंटी संपल्यावर त्याचा आकडा ऐकला की गिऱ्हाईक खुर्चीवर बसतंय. म्हणून माझं मत वॉरंटीच्या बाजूनं. फ्रेमचं मला कळत नाही.

माग_आणि_माऊस
काकांनी धूळ एका शब्दात उरकली पण आमच्या वडगावात तोच मोठा विषय आहे. घरात यंत्रमाग. सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, डोळ्याला दिसत नाहीत, फॅन ते ओढून घेतो आणि आत तांब्याच्या पाईपपुढं जी पातळ पात्यांची जाळी असते तिथं ते अडकतात. पहिल्यांदा उघडून घेतला तेव्हा जाळीवरनं गोधडीच्या तुकड्यासारखा सलग थर निघाला, चिमट्यानं धरून अख्खा उचलला. वरनं ब्लोअर मारून तो निघतच नाही कारण तो जाळी आणि फॅनच्या मधे असतो, फॅन सोडवावाच लागतो. थर काढल्यावर तोच गेम, तोच लॅपटॉप, आवाज निम्म्यावर आला. तोपर्यंत मी पण म्हणत होतो की प्रोसेसर खराब आहे.

तेव्हा निपाणी, मशीन घेताना हे बघ की खालचं कव्हर साध्या स्क्रूवर निघतं का आणि उघडलं की वॉरंटी जाते का. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपला रॅम-एसएसडीसाठी कव्हर उघडायला परवानगी असते, काही ठिकाणी स्क्रूवर सील असतं. आणि तुमच्या निपाणीत तंबाखूची धूळ काय कमी आहे होय.

निपाणी_एक्सप्रेस
घर वखारीच्या मागंच आहे. सुट्टीला घरी गेलो की टेबलावर दुपारपर्यंत थर.

उद्यमबाग_सीएनसी
ग्राइंडिंग चालू असतं तिथं तर लॅपटॉप न्यायचाच नाही. लोखंडाची धूळ वीज वाहून नेते, ती बोर्डावर बसली की गरम होण्यापर्यंत वाट बघत नाही, सरळ शॉर्ट. इंटर्नशिपला आमच्या भागात येशील तेव्हा हे लक्षात ठेव.

फ्रेमखाऊ
काकांना मान देऊन एक विचारतो. वॉरंटी दोन वर्षं, लॅपटॉप वापरणार चार-पाच. तिसऱ्या वर्षी दोघांची वॉरंटी शून्य, तेव्हा हातात काय राहील? एकाकडं 4050, एकाकडं 3050. 3050 हे 2021 सालचं डिझाईन आहे हो, 6 जीबीवालं नंतर आलं एवढंच. 2028 ला तो लो सेटिंगवर बसून राहणार.

दुरुस्तीवाला_काका
तिसऱ्या वर्षी चालू राहिला तर की, बाबा.

चिकोडी_चिल्लर
काका 1, पुणे 0

खानापूरची_पावसाळी
फ्रेमखाऊचं पूर्ण चूक नाही हं काका. मी रेंडर करते तेव्हा तासन् तास कार्ड पूर्ण लोडवर असतं, तिथं नवं कार्ड लवकर काम संपवून थंड होतं. माझा प्रश्न वेगळाच आहे. हे दोनच पर्याय आहेत असं कोणी सांगितलं? वॉरंटी वाढवून विकत मिळते. बारीक बॉडीचं सोडून दे, जाड बॉडीतलं 4050 शोध, मग 165 ऐवजी 144 हर्ट्झ, एक टीबी ऐवजी 512 जीबी, आणि वाचलेल्या पैशांत दुसऱ्या वर्षाची ऑनसाइट. एसएसडी पुढं कधीही वाढवता येते, कार्ड आणि बॉडी जन्मात बदलता येत नाही.

वाढीव वॉरंटी घेताना दोन गोष्टी. मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, संपल्यावर बहुतेक कंपन्या देत नाहीत. आणि बॅटरी बरेचदा एकाच वर्षाची असते, मुख्य वॉरंटी तीन वर्षांची केली तरी. पाणी सांडणं, पडणं हे साध्या वॉरंटीत धरत नाहीत, त्याचा वेगळा प्लॅन असतो. हॉस्टेलवर राहतोस, तो घेतलास तर बरं.

स्क्रीनचं पण बघ. 45 टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेलं असेल तर रंग धुतल्यासारखे दिसतात. गेमला चालेल, पण चार वर्षं त्याच्याकडंच बघायचंय.

चिकोडी_चिल्लर
आता एक सिरीयस प्रश्न, हसू नका. आमच्या बाजूचे लोक खरेदीला कोल्हापूरला जातात. तिकडं घेतला आणि वॉरंटी कर्नाटकात मागितली तर चालती का? राज्य बदललं म्हणून कोण नाही म्हणलं तर?

दुरुस्तीवाला_काका
चालती. भारतात विकलेल्या मशीनची वॉरंटी भारतभर, सेंटरवाला सिरीयल नंबर बघतोय, राज्य बघत नाही. उलटं पण चालतंय, बेळगावात घेऊन कोल्हापूरच्या सेंटरला देता येतंय, आणि निपाणीवाल्याला हुबळीपेक्षा कोल्हापूर किती जवळ. ऑनसाइटचा कॉल मात्र पिनकोडवरनं पडतोय, तिथं इंजिनिअर कुठला येईल ते आपल्या हातात नाही. दुबईहून कोण पाव्हण्यानं आणलेला असंल तर ती गोष्ट वेगळी, त्याची वॉरंटी इकडं लागू आहे का ते आधी कंपनीला विचारायचं.

चावडी_संपादक
मूळ विषयावर राहूया. कोल्हापूर-बेळगाव म्हटलं की पुढची पाच पानं कशी जातात ते सगळ्यांना माहीत आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

चिकोडी_चिल्लर
मी फक्त वॉरंटीचं विचारलं होतं मालक 🙏

निपाणी_एक्सप्रेस
अपडेट. दोन्ही कंपन्यांना फोन लावला. बारीकवाल्याचं सेंटर हुबळीच, कोल्हापूरला पण घेतात म्हणाले. जाडवाल्याची ऑनसाइट 590 ला आहे, 591237 ला इंजिनिअर येईल पण वेळ सांगता येणार नाही. ताई मेलवर मागितलं, दिलं त्यांनी.

मग ताईंनी सांगितल्यासारखं त्याच जाड बॉडीत 4050 आहे का शोधलं. आहे. टीजीपी पानावरच लिहिलीय, 95 वॅट. प्रोसेसर आय5 12450एचएक्स, 512 जीबी, 144 हर्ट्झ, रॅम 8 जीबीची एकच कांडी. दुसऱ्या वर्षाची ऑनसाइट धरून 75 च्या आत कसाबसा बसतोय. अडचण रॅमची आणि प्रोसेसर जुना वाटतोय. आणि इंटेलचा काहीतरी घोटाळा झाला होता ना, प्रोसेसर खराब होणारा?

फ्रेमखाऊ
तो 2024 चा, तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या डेस्कटॉप चिपचा. जास्त व्होल्टेजनं चिप हळूहळू खराब होत होत्या, इंटेलनं मायक्रोकोड अपडेट दिला आणि त्या चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लॅपटॉपच्या चिपना तो प्रॉब्लेम नाही असं इंटेलचं म्हणणं आहे, आणि तुझी तर बारावी. घाबरू नको. सहा जीबीच्या कार्डाला हा प्रोसेसर पुरून उरतो.

रॅमचं मात्र बघ. एका कांडीवर सिंगल चॅनल (डेटाला एकच वाट) चालतं, गेममधे अधूनमधून अडखळतं, आणि 8 जीबीत सॉलिडवर्क्स आणि क्रोम एकत्र म्हणजे शिक्षा. दुसरी 8 ची कांडी त्याच स्पीडची टाक. 2025 च्या शेवटाला रॅमचे भाव जे चढले ते बघता आत्ता झोंबेल, पण स्लॉट मोकळा आहे ना एवढं बघून घे, पुढच्या महिन्यात टाकलीस तरी चालेल.

आणि हो, हे मशीन असेल तर काकांशी माझं भांडण मिटलं.

उद्यमबाग_सीएनसी
95 वॅट जाड बॉडीत, चांगलं आहे. घेतल्यावर काय करायचं ते सांगतो. बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे असतं, हॉस्टेलवर कायम चार्जरला लावून ठेवणार असशील तर पहिल्या दिवशी ते लाव. फक्त सॉलिडवर्क्स-लेक्चर असेल तर सायलेंट मोड. गेमला फ्रेम कॅप. परफॉर्मन्स मोडचं बटण आहे म्हणून सतत दाबून ठेवायचं नसतं.

माग_आणि_माऊस
आणि गादीवर ठेवून खेळायचं नाही. हवा खालनं घेतो तो. मागं दोन बाजूला काहीतरी टेकू दिला तरी फरक पडतो, शंभरचा कूलिंग पॅड घ्यायची गरज नाही.

दुरुस्तीवाला_काका
घेतल्या दिवशीच खोलून बसू नको. पहिल्या आठवड्यात मात्र दाबून चालव, तासभर सलग गेम, सगळे पोर्ट, वायफाय, स्पीकर, पांढरा स्क्रीन लावून ठिपके. जी चीज कमजोर असती ती बहुतेक सुरवातीलाच बोलती, आणि तेव्हा बदलून मिळायची शक्यता जास्ती. हॉस्टेलवर बसताना कुठल्या सॉकेटला अर्थिंग आहे ते वायरमनकडनं एकदा तपासून घे.

निपाणी_एक्सप्रेस
घेतला काल. झाकण कोपऱ्याला धरून उघडून बघितलं काका, दुकानदार माझ्याकडं असा बघायला लागला की मी चोरायलाच आलोय. पिळलं नाही. रात्री सायबरपंक तासभर, मीडियम, फ्रेम 60 ला कॅप, कार्ड 71-72 डिग्री, प्रोसेसर 85 च्या आसपास. कॅप काढल्यावर प्रोसेसर 95 ला जाऊन टेकला आणि फॅन असा ओरडला की शेजारच्या खोलीतनं शिव्या आल्या. कॅप परत लावला.

एक प्रॉब्लेम आहे. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला तर वॉरंटी चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दाखवतीय. मला जुना माल दिला काय?

खानापूरची_पावसाळी
सील तू स्वतः फोडलंस ना? मग जुना वापरलेला नाही. कंपनीनं माल डीलरला पाठवला त्या तारखेपासून त्यांच्या सिस्टीममधे वॉरंटी धरलेली असते. वॉरंटीच्या पानावरच तारीख दुरुस्तीची विनंती असते, तिथं बिल अपलोड कर. बिलावर सिरीयल नंबर छापलेला आहे का आधी बघ, नसेल तर दुकानात जाऊन तो घालून शिक्क्याचं बिल घे. वाढीव वर्षाची तारीख पण त्याच्यावरच ठरते, त्यामुळं आजच कर.

निपाणी_एक्सप्रेस
बिलावर नंबर नव्हता, दुकानदारानं नवीन करून दिलं. अपलोड केलंय.

निपाणी_एक्सप्रेस
तारीख दुरुस्त झाली. दोन वर्षं पूर्ण दाखवतीय.

फ्रेमखाऊ
आता व्हॅलोरंटचा आयडी टाक.